शाकाहारी शिकारी

डॉक्टर दिनकर पाळंदे मला कधीच आवडले नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. नाहीतर 'शेवटी कळेल, माणूस आतून किती चांगला होता' अशी आशा धरून कुणी वाचत बसायचं. तसं काही नाही. आतून बाहेरून ते एकच होते, आणि झालंच तर बाहेरून जरा बरे होते, कारण शर्ट फार चांगले घालायचे.

मी भूल देणारी डॉक्टर, ते हाडांचे सर्जन. लंडनच्या उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी, आम्ही एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे असायचो. पेशंटचं डोकं माझ्याकडे, उरलेला पेशंट त्यांच्याकडे. हात सोन्याचा होता. त्यांनी बसवलेला खुबा वीस वर्षं कुरकुरत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या खुब्याची मालकीण कोण, हे त्यांना कधी ठाऊक नसायचं. "नेक्स्ट डावं हिप आणा," असं ते ओरडायचे. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांना नाव आहे. घाबरल्यात त्या, दोन शब्द बोला." तर मास्कच्या वरून माझ्याकडे बघून म्हणाले, "वृंदा, बोलायचं काम तुझं. झोपवणारे बोलतात, आम्ही दुरुस्त करतो."

ऑपरेशन झाल्यावर वॉर्डात जाऊन पेशंटला बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ज्युनियरला पाठवायचे.

आणि शाकाहार! पाळंद्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं शिरलेलं नाही, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. नाताळात वॉर्डातल्या नर्सेस घरून केक करून आणायच्या. हे त्या पोरीला सगळ्यांसमोर उभी करून विचारणार, "एग आहे?" ती बिचारी हो म्हणाली की हात असा मागे घ्यायचे की तिलाच आपण काही घाण केल्यासारखं वाटावं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत समोसे आणि चिकन पॅटिस एकाच तेलात तळले, म्हणून त्यांनी समितीला लांबलचक इमेल पाठवलं होतं. त्यात 'पावित्र्य' हा शब्द चारदा होता. मी त्या वर्षी सेक्रेटरी होते, मलाच उत्तर द्यावं लागलं.

तर असा हा माणूस रिटायर झाल्यावर शिकारीला लागला.

सुरुवात स्कॉटलंडमध्ये झाली. एका खाजगी पेशंटनं बरा झालेला गुडघा दाखवायला आपल्या इस्टेटीवर बोलावलं आणि हातात बंदूक दिली. पाळंद्यांनी पहिल्या गोळीत हरीण पाडलं. मग त्यांना तो नाद लागला. बाकीचे रिटायर झालेले डॉक्टर गोल्फ खेळतात, कुणी कौन्सिलकडून जमिनीचा तुकडा घेऊन मेथी लावतात. हे दर वर्षी नवी दुर्बीण, नवे बूट, नवं जाकीट घ्यायला लागले. आणि मग त्यांना बिगहॉर्नचं वेड लागलं.

बिगहॉर्न म्हणजे अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातला रानमेंढा. त्याची शिंगं कानामागून जाऊन गालाशी वळून पुढे येतात. वेटोळं जितकं पूर्ण, तितका नर म्हातारा आणि शिकाऱ्याच्या लेखी तितका भारी. तो मारायला परवाना लागतो. परवाने मोजके, बहुतेक सोडतीनं निघतात. ज्याचं नशीब नाही पण खिसा आहे त्याच्यासाठी एखाददुसऱ्या परवान्याचा लिलाव होतो, आणि तिथे लोक घर येईल एवढी बोली लावतात. तो पैसा उरलेल्या मेंढ्यांच्या रक्षणासाठी वापरला जातो. पाळंद्यांनी पहिला परवाना कसा मिळवला हे मी विचारलं नाही. घर त्यांचं स्टॅनमोरला, चांगलं पाच बेडरूमचं, आणि ते विकायला निघालं नव्हतं एवढं मला माहीत.

पेंढा भरलेलं मुंडकं आलं तेव्हा त्यांनी आम्हा पाचसहा कुटुंबांना जेवायला बोलावलं. दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर तो मेंढा. काचेचे डोळे, तपकिरी, जरा ओलसर वाटावेत असे. पाळंद्यांनी एकेकाला शिडीवर चढवून शिंगांवरच्या वळ्या मोजायला लावल्या. "एक वळी म्हणजे एक हिवाळा. मोज, मोज. आठ!" त्यांना मेंढ्याचं वय, शिंगाचा घेर, सगळं पाठ होतं. मला मात्र त्यांच्या बायकोचं वय त्यांना सांगता येईल का अशी शंका आली.

जेवण अर्थातच शुद्ध शाकाहारी होतं. कुणीतरी विचारलं, "मग मांस काय केलंत, डॉक्टर?"

"मी हातसुद्धा लावला नाही हो!" पाळंदे दचकून म्हणाले. "तिकडे कायदा आहे, मांस डोंगरावर टाकून यायचं नाही. ते गाइडनं खाली आणलं, त्यालाच दिलं. मी चार दिवस मेतकूट-भात आणि दशम्यांवर काढले. अरे, खाण्यासाठी मारणं ही हाव झाली. मी जीव घेत नाही, मी सिलेक्शन करतो."

आणि मग त्यांनी आपली लाडकी गोष्ट सांगितली. ती मी नंतर तीनदा ऐकली, पण पहिल्यांदा ऐकताना माझा घास खरंच हातात राहिला. गोळी लागल्यावर मेंढ्यात थोडी धुगधुगी होती. हे धावत, म्हणजे गाइडच्या खांद्याला धरून, त्याच्यापर्यंत पोचले. खिशातून छोटी बाटली काढली आणि त्याच्या तोंडात दोन थेंब गंगाजल घातलं.

"तुळशीचं पान तेवढं नव्हतं," पाळंदे म्हणाले. "पण दोन थेंब पोटात गेले. मेंढ्याच्या जन्मातून सुटला. गाइड मला विचारतोय, 'डॉक, इज दॅट फॉर द टॅक्सिडर्मी?' पेंढा भरायचं औषध वाटलं त्याला!"

सगळे हसले. मीही हसले, हे लिहायला लाज वाटते. हसल्या नाहीत त्या एकट्या सुनंदाताई, त्यांची बायको. त्या हातात कोथिंबीर वड्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. नंतर स्वयंपाकघरात भांडी लावताना मला हळूच म्हणाल्या, "ते गंगाजल माझ्या आईनं काशीहून आणलेलं होतं गं. देवघरात जपून ठेवलं होतं. म्हटलं, आमच्या दोघांपैकी कुणाची वेळ आली की लागेल. यांनी विचारलंसुद्धा नाही."

मी म्हटलं, "तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलले की. म्हणाले, अर्धी बाटली शिल्लक आहे."

या घरात त्या मुंडक्याला उघड विरोध करणारी एकच व्यक्ती होती, त्यांची मुलगी केतकी. इथेच जन्मलेली, केंब्रिजला संशोधन करणारी. पाळलेल्या जनावरांचे रोग रानातल्या जनावरांना कसे लागतात, हा तिचा विषय. म्हणजे बघा, बापानं अख्ख्या जगातलं नेमकं तेच जनावर मारायला निवडलं ज्याच्याबद्दल लेक रोज वाचत होती. मुद्दाम निवडलं असंही नाही. ती काय काम करते हे त्यांनी कधी नीट ऐकलंच नव्हतं.

त्या वर्षी पार्लमेंटात असली मुंडकी देशात आणायला बंदी घालावी म्हणून पुन्हा चर्चा सुरू झाली. पाळंदे खवळले. खासदाराला पत्रं लिहिली, आणि मंडळापुढे भाषण ठेवलं, 'शिकारीतून संवर्धन'. हॅरोला आम्ही भाड्यानं घेतो तो चर्चचा हॉल, मागे चहाचा मोठा बंब, पुढे हिरवं जाकीट घातलेले पाळंदे. पडद्यावर डोंगर, मेंढे, आणि प्रत्येक तिसऱ्या चित्रात स्वतः पाळंदे. मुद्दे चांगले मांडले. शिकाऱ्यांचा पैसा नसता तर हे कळप कधीच संपले असते, वगैरे. लोक माना डोलावत होते.

शेवटी केतकी उभी राहिली. ती आईला घेऊन आली होती.

"बाबा, मला एक क्वेश्चन आहे," ती म्हणाली. "तुमचा पॉइंट पूर्ण राँग नाही. तिकडे पाळलेल्या मेंढ्यांपासून रानातल्यांना न्यूमोनिया होतो, व्होल कळप मरतात, आणि ते थांबवायला हंटर्सचा पैसा खरंच यूज होतो. मी ते पेपर्स वाचलेत. पण लांडगा असतो ना, तो जो स्लो आहे, आजारी आहे, त्याला घेतो. तुम्ही बेस्ट शिंगवाला घेता. काही सायंटिस्ट म्हणतात त्यामुळे पुढे शिंगं छोटी होतात, काही म्हणतात नाही. ते भांडण अजून चालू आहे. माझा क्वेश्चन तो पण नाही. जर तुम्हाला मेंढ्या वाचवायच्या होत्या, तर नुसता चेक पाठवून घरी का नाही बसलात?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वाजवल्या नाहीत. प्रश्न इतका सरळ होता की प्रामाणिक माणसाला त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं: मला मारायला आवडतं. तेवढं ते बोलले असते तर मी त्यांना थोडा मान दिला असता.

"केतकी, बस खाली. हे घरी बोलू," पाळंदे म्हणाले. "नेक्स्ट क्वेश्चन?"

पुढचा प्रश्न कुणीतरी विचारला की तिकडे डोंगरात शाकाहारी माणसाच्या जेवणाची सोय काय. त्यावर ते भरपूर बोलले.

घरी काय झालं ते मला सुनंदाताईंनी सांगितलं. पाळंदे म्हणाले, माझ्या भिंतीवर काय लावायचं ते मी ठरवणार. केतकी म्हणाली, ओके, मग ते भिंतीवर आहे तोपर्यंत मी या घरात येणार नाही. बापलेक दोघंही शब्दाचे पक्के. दोन वर्षं ती आली नाही. सुनंदाताई डबे घेऊन ट्रेननं केंब्रिजला जायच्या, तिच्या फ्लॅटवर तिला जेवायला घालायच्या आणि संध्याकाळी परत. त्यांना आयुष्याकडून दुसरं काही मागायचं उरलं नव्हतं. केतकीनं घरी यावं, आपल्या टेबलाशी बसावं, आपण तव्यावरची गरम पोळी तिच्या पानात टाकावी. एवढंच. मी एकदा पाळंद्यांना म्हटलं, "गॅरेजमध्ये ठेवा ना ते. काय बिघडतं?" म्हणाले, "गॅरेजमध्ये दमट असतं. केस झडतात."

मग सुनंदाताईंच्या हृदयाची झडप बिघडली. धाप लागायची, दोन पायऱ्यांवर थांबायच्या. ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरात मिळाली. आणि पाळंद्यांना दुसरा परवाना मिळाला, तोही ऑक्टोबरातलाच.

मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. वयाचा, नात्याचा मान ठेवून जितकं भांडता येतं तितकं.

"वृंदा, तू तरी इमोशनल होऊ नकोस," ते म्हणाले. "ऑपरेशन दुसरा सर्जन करणार. एक्सलंट माणूस आहे, मी स्वतः चौकशी केलीय. मी तिथे उभा राहून काय करणार? खुर्चीत बसून मॅगझिन वाचणार?"

"हो," मी म्हटलं. "सगळे तेच करतात."

"तारीख पुढे ढकलता आली तर बघ. सीझन ढकलता येत नाही."

सुनंदाताईंनी तारीख ढकलली नाही. पाळंदे गेले. जाताना बायकोच्या औषधांची यादी टाइप करून फ्रिजवर लावून गेले, त्यात एक चूक नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी केतकी आणि मी वेटिंग रूममध्ये बसलो होतो. दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. बर्फ, मागे कडा, पुढे पाळंदे एक गुडघा टेकून, आणि त्यांच्या हातात शिंगांना धरून वर केलेलं मेंढ्याचं डोकं. खाली लिहिलं होतं, 'बाप्पाच्या कृपेने!' भराभर अंगठे यायला लागले. एकानं लिहिलं, 'वहिनींचं कसं झालं?' त्याच्याखाली फोटोला आणखी अंगठे येत गेले आणि तो प्रश्न वर सरकून दिसेनासा झाला. केतकी फोन उलटा ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सुनंदाताई उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मला तो फोटो दाखव." त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी दाखवला. बराच वेळ बघत होत्या.

"किती हसताहेत," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत असे हसलेले नाहीत." मग फोन माझ्या हातात दिला. "त्यांना फोन लाव. सांग, मी घरी येईन. पण आधी ते मुंडकं भिंतीवरून उतरू दे. केतकी माझ्याबरोबर येईल."

मी लावला. सुनंदाताईंनी स्पीकरवर स्वतःच सांगितलं, चौतीस वर्षांत पहिल्यांदा अट घातली असावी. तिकडून आवाज आला, "हो, हो, डन. काढतो. तू रेस्ट घे."

बरं होईपर्यंत त्या केंब्रिजला केतकीकडे राहिल्या. पाळंदे दर रविवारी गाडी घेऊन जायचे, फळं न्यायचे, जखम कशी भरतेय ते बघून समाधानानं मान हलवायचे. ते यायच्या वेळेला केतकी लॅबमध्ये निघून जायची. मुंडकं कधी काढणार विचारलं की, "या वीकेंडला." नाताळ गेला, ईस्टर गेला, उन्हाळा गेला. सुनंदाताई चालायला लागल्या, जिने चढायला लागल्या, तरी 'या वीकेंडला' काही येईना. मी म्हटलं, तुम्ही अशाच जा घरी. त्या म्हणाल्या, "एकदा अट सोडली की ती मुलगी पुन्हा कधीच यायची नाही."

आणि मग सप्टेंबरात पाळंद्यांचा फोन आला. "भिंत रिकामी केलीय. रंगही देऊन घेतला. ये आता घरी."

त्या फोननंतरचा सुनंदाताईंचा आवाज मी विसरणार नाही. मला फोन करून म्हणाल्या, "वृंदा, रविवारी मला न्यायला येशील? केतकी म्हणाली, आई, तू पुढे जा, पोचलीस की फोन कर, मी लगेच ट्रेन पकडते. दुपारी जेवायला येतेय ती. पुरणपोळी करू का साध्या पोळ्या करू?" वाटेत गाडीत सगळा वेळ त्या हरभऱ्याची डाळ घरात असेल की नाही याचा विचार करत होत्या.

दार पाळंद्यांनी उघडं ठेवलं होतं. आत नव्या रंगाचा वास. फायरप्लेसच्या वर जुना मेंढा होता तिथेच होता. आणि समोरच्या भिंतीवर, जेवणाच्या टेबलाच्या डोक्यावर, नवा. बर्फातला. पाळंदे शिडीवर उभे राहून त्याचा खिळा ठोकत होते.

"या, या!" ते वळून म्हणाले. "बघ, आता कसा बॅलन्स आला खोलीला."

सुनंदाताई कोट न काढता उभ्या राहिल्या. "अहो, तुम्ही काढतो म्हणाला होतात."

"काढलं होतं की! तीन आठवडे खाली होतं. त्याशिवाय रंग कसा दिला असता? मग हा दुसरा आला. आता सेट पूर्ण झाला."

ते खोटं बोलत नव्हते, हेच त्यातलं भयंकर. त्यांच्या हिशेबी अट पाळून झाली होती.

सुनंदाताई स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला, अगदी नेहमीचा. "केतकी, ट्रेन पकडू नकोस. मीच येतेय परत." मग देवघराचं दार वाजलं. बाहेर आल्या तेव्हा हातात स्वच्छ नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, वरून बाळकृष्णाचा रांगता हात दिसत होता. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. आपल्याकडे मुलगी लग्नात माहेरून हे दोन देव घेऊन येते आणि सासरच्या देवांत ठेवते. कुणी ते परत उचलून नेल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

"मी गाडीत बसते गं," त्या मला म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

पाळंद्यांची पाठ होती. "वृंदा, जरा शिडी धर," ते म्हणाले. "डावं शिंग खाली आलंय."

आणि मी धरली. एकोणीस वर्षं त्या आवाजानं सांगितलेलं ऐकायची सवय होती, हात आपोआप गेले. स्वतःचा इतका संताप मला दुसऱ्या कशानं आलेला नाही. त्यांनी मुंडकं दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवलं, खाली उतरले, चार पावलं मागे गेले, एक डोळा मिटून पाहिलं. मग खोलीभर नजर फिरवली.

"ही कुठे गेली?"

"गाडीत बसल्यात," मी म्हटलं. "केंब्रिजला परत निघाल्यात, डॉक्टर. अन्नपूर्णा घेऊन निघाल्यात."

ते माझ्याकडे बघत होते असं मला क्षणभर वाटलं. माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते.

"मग निघण्यापूर्वी एकदा आत येऊन जा म्हणावं," पाळंदे म्हणाले. "मघाशी तिनं वाकडं बघितलं. आता सरळ झालंय."